फुगवट्याखाली दडलेला दोष

नवजात बाळ साधारणपणे जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी करते. गर्भात असताना साठलेला हा मळ बाहेर पडला, की आतड्याचा मार्ग शेवटपर्यंत मोकळा आहे याची खूण पटते. सुमारे ५००० बाळांमागे एका बाळाचे असे होत नाही. त्याचे पोट नगाऱ्यासारखे ताणले जाते, दूध टिकत नाही, हिरव्या उलट्या होतात. मार्ग कुठेही बंद नसतो, पीळ पडलेला नसतो, गाठ नसते. तरीही मळ पुढे सरकत नाही. या जन्मजात आजाराला हिर्शस्प्रुंग रोग म्हणतात. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातील भिंतीत चेतापेशी नसतात. त्यामुळे तो भाग आवळलेलाच राहतो आणि त्याच्या वरचे निरोगी आतडे मळ ढकलता ढकलता फुगत जाते. आज हे दोन-तीन वाक्यांत सांगता येते, पण इतके कळायला वैद्यकाला अडीचशेहून अधिक वर्षे लागली. त्यांतली शेवटची साठ वर्षे रोगाला नाव होते, त्याचे रुग्ण ओळखू येत होते आणि शल्यचिकित्सक चुकीच्या जागी पाहत होते.

पहिली नोंद १६९१ मधली आहे. ॲमस्टरडॅमचे शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रेडरिक रॉइश यांनी पोटदुखीने दगावलेल्या पाच वर्षांच्या मुलीचे शवविच्छेदन केले, तेव्हा तिचे मोठे आतडे अफाट फुगलेले आढळले. पुढे १८०० मध्ये इटलीत दोमेनिको बात्तिनी यांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन केले. अशी तुरळक वर्णने वैद्यकीय ग्रंथांत विखुरलेली राहिली. त्या काळी बालमृत्यू इतके सर्रास होते, की पोट फुगून गेलेल्या एका मुलाचा वेगळा विचार कोणी करावा असे कारणच नव्हते. मुलांच्या आजारांचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिल्यावर ही परिस्थिती बदलली आणि हारल्ड हिर्शस्प्रुंग यांचे महत्त्व तिथेच आहे.

हिर्शस्प्रुंग यांचा जन्म १८३० मध्ये कोपनहेगनमध्ये झाला. घरचा तंबाखूचा कारखाना होता. धाकटे बंधू हाइनरिक यांनी तो धंदा सांभाळला आणि त्यातून उभा केलेला चित्रसंग्रह आजही कोपनहेगनमध्ये पाहायला मिळतो. हारल्ड यांनी मात्र वैद्यकाची वाट धरली. अन्ननलिका व लहान आतडे जन्मतः बंद असण्याच्या विकृतींवर त्यांनी १८६१ मध्ये प्रबंध लिहिला. ज्या मुलांना वाचवण्याचा काहीही उपाय हाती नव्हता, त्यांच्या आजारांचा हा अभ्यास होता. राणी लुईझ हिच्या नावाचे बालरुग्णालय १८७९ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. प्रत्येक खाटेवर बायबलमधले वचन लावावे अशी राणीची इच्छा होती, तर मुलांना प्राण्यांची चित्रे हवीत असा हिर्शस्प्रुंग यांचा आग्रह होता. तो त्यांनी सोडला नाही आणि राणीची नाराजी पत्करली. गरीब घरच्या मुलांवर तिथे मोफत उपचार होत.

बर्लिनमध्ये १८८६ मध्ये भरलेल्या बालरोगतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी दोन मुलग्यांची हकिगत सांगितली. दोघांनाही जन्मापासून शौच होत नव्हते. एनिमा व रेचके देऊन पोट मोकळे करावे लागे, काही दिवस बरे जात आणि पुन्हा पोट फुगे. वयाचे वर्ष पुरे होण्याआधीच दोघेही दगावले. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड रुंदावलेले, त्याची भिंत जाड झालेली आणि आतल्या आवरणावर व्रण पडलेले दिसले. अडथळा मात्र कुठेच सापडला नाही. पुढे १८८८ मध्ये छापून आलेल्या या निबंधात त्यांनी या मुलांचे आतडे जन्मतःच मोठे असले पाहिजे असा निष्कर्ष काढला. डोळ्यांना जे दिसत होते त्यावरून निघणारा तो सरळ निष्कर्ष होता. हिर्शस्प्रुंग बारकाईने पाहणारे वैद्य होते. त्यांच्या वर्णनात काही खोट नव्हती, कारणाबाबतचा अंदाज तेवढा चुकला. रोगाला त्यांचे नाव मिळाले आणि त्या नावासोबत 'जन्मजात महाबृहदांत्र' ही समजूतही रूढ झाली. ते १९१६ मध्ये निधन पावले, तोपर्यंत या रोगाचे खरे स्थान कोणी सिद्ध केलेले नव्हते.

या समजुतीचे परिणाम शस्त्रक्रियागृहात दिसू लागले. रोग फुगवट्यात आहे असे मानले, की फुगलेला भाग कापून टाकणे हाच उपाय ठरतो. शल्यचिकित्सक तो भाग काढत आणि उरलेली दोन टोके जोडत. त्यातून जगलेल्या मुलांचा त्रास काही महिन्यांत परत येई, कारण खालचा अरुंद भाग जागच्या जागी राहिलेला असे. तो भाग दिसायला अगदी साधा होता. इंग्लंडचे सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांना मात्र वेगळी शंका आली होती. फुगवट्याचे मूळ खालच्या अरुंद भागात असावे असे मत त्यांनी १८९८ मध्ये एका मुलीच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने मांडले. या मताकडे पन्नास वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. वैद्यकाच्या इतिहासातल्या अशा चुकलेल्या वळणांत हे एक फार वेदनादायक वळण आहे, कारण त्याची किंमत तान्ह्या मुलांनी मोजली.

खरे तर कोडे सोडवण्याची सामग्रीही तोवर जमली होती. आतड्याच्या भिंतीत स्वतःचे चेताजाळे असते हे जर्मन संशोधकांनी दाखवून दिले होते. गेओर्ग माइस्नर यांनी १८५७ मध्ये आतल्या आवरणाखालचे जाळे वर्णिले आणि पुढच्या काही वर्षांत ब्रेस्लाऊच्या लेओपोल्ट आउअरबाख यांनी स्नायूंच्या दोन थरांमधले जाळे दाखवले. अन्नाचा गोळा पुढे नेताना आतडे त्याच्या मागे आवळते आणि पुढे सैल पडते. ही हालचाल आतड्यातलेच चेताजाळे घडवून आणते, हे लंडनच्या बेलिस व स्टारलिंग यांनी १८९९ मध्ये प्रयोगांनी सिद्ध केले. मेंदूशी जोडणारे तंतू तोडले तरी ही लहर चालू राहते. सैल पडण्याचा हुकूम देणाऱ्या पेशीच नसतील तर तो भाग आवळलेलाच राहणार, हे अनुमान इथून एका पावलावर होते. कार्ल टिटेल यांनी १९०१ मध्ये अशा एका मुलाच्या आतड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि चेतापेशी नीट आढळत नसल्याची नोंद केली. इटलीत दाल्ला व्हाल्ले यांनी १९२० मध्ये, आणि नंतर एकाच कुटुंबातल्या मुलांच्या बाबतीत १९२४ मध्ये, तीच गोष्ट दाखवली: खालच्या भागात चेतापेशी नाहीत, वरच्या फुगलेल्या भागात आहेत. ही निरीक्षणे शल्यचिकित्सकांपर्यंत पोचली नाहीत. पोचली तिथेही चेतापेशींचा अभाव हा फुगवट्याचा परिणाम मानला गेला. सूक्ष्मदर्शकाशी बसणारा एक वर्ग आणि सुरी चालवणारा दुसरा, अशी ही फारकत होती.

मधल्या काळात वेगळेच तर्क लढवले गेले. सिडनीत पक्षाघाताच्या रुग्णांवर अनुकंपी चेतातंतू तोडण्याच्या शस्त्रक्रिया होत होत्या आणि त्यानंतर त्यांचे पोट अधिक साफ होते असे लक्षात आले. त्यावरून वेड व रॉयल यांनी १९२७ मध्ये हाच उपाय या मुलांसाठी सुचवला. विचार असा होता, की आतड्याला रोखणारे तंतू तोडले तर ढकलणाऱ्यांचा जोर चालेल. पुढची वीस वर्षे अनेक देशांत कंबरेजवळचे अनुकंपी तंतू कापले गेले. काही मुलांना तात्पुरता आराम पडला, बहुतेकांना टिकाऊ गुण आला नाही. हे तंतू बाहेरून येतात आणि उणीव तर आतड्याच्या भिंतीतच होती. तरी या वीस वर्षांत एक महत्त्वाचा बदल झाला. आजार स्नायूंच्या आकाराचा नसून चेतासंस्थेचा आहे, ही कल्पना शल्यचिकित्सकांच्या मनात रुजली. अमेरिकेत रॉबर्टसन व कर्नोहान यांनी १९३८ मध्ये चेताजाळ्यातील दोषाकडे पुन्हा लक्ष वेधले. स्टॉकहोमच्या थिओडोर एरेनप्राइस यांनी १९४६ मध्ये नवजात बाळांचा अभ्यास करून दाखवून दिले, की जन्मतः आतडे मोठे नसतेच, ते जन्मानंतर हळूहळू फुगते. हिर्शस्प्रुंग यांचा निष्कर्ष इथे मोडीत निघाला.

निर्णायक घडामोडी बॉस्टनच्या बालरुग्णालयात घडल्या. ऑरव्हार स्वेनसन हे १९०९ मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेले आणि लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले शल्यचिकित्सक. अत्यवस्थ मुलांचे प्राण वाचवण्यासाठी तिथे कोलोस्टॉमी करत, म्हणजे निरोगी आतड्याचे तोंड पोटावर उघडून मळाला वाट करून देत. ही मुले झपाट्याने सुधारत. फुगलेले आतडे मूळ आकारावर येई, वजन वाढे. पालकांना वाटे की मूल बरे झाले. कोलोस्टॉमी बंद केली, की सारा त्रास पुन्हा सुरू होई. या साध्या गोष्टीत स्वेनसन यांना उत्तराची दिशा दिसली. फुगलेला भाग स्वतःच रोगी असता, तर बाहेर तोंड काढल्यावर तो इतका छान चालला नसता. दोष कोलोस्टॉमीच्या खाली असला पाहिजे.

हा तर्क त्यांनी मोजमापाने तपासला. आतड्यात वेगवेगळ्या उंचीवर लहान फुगे ठेवून त्यांच्यावरचा दाब नोंदवला. निरोगी मुलांमध्ये दाबाची लहर वरून खाली गुदाशयापर्यंत पोचे. या मुलांमध्ये ती जोमाने निघे आणि अरुंद भागाच्या तोंडाशी थांबे. क्ष-किरणतज्ज्ञ एडवर्ड न्यूहाउझर यांनी बेरियमच्या एनिमाची पद्धत बदलली. आतडे भरेपर्यंत बेरियम सोडले की फुगवट्याची सावली खालचा भाग झाकून टाकी. त्यांनी थोडेसेच बेरियम सोडून चित्र घेतले, तेव्हा गुदाशयाजवळचा अरुंद पट्टा आणि त्यावरचा फनेलसारखा रुंदावत गेलेला भाग स्वच्छ दिसला. इतकी वर्षे दडलेली जागा छायाचित्रात आली.

आता तो भाग काढणे आले; आणि ते सोपे नव्हते. गुदाशय ओटीपोटाच्या तळाशी, मूत्राशयाला व लैंगिक क्रियेला लागणाऱ्या चेतातंतूंच्या गराड्यात असतो. तो काढताना गुदद्वार आवळून धरणारे स्नायू गेले, तर मूल जन्मभर शौचावर ताबा ठेवू शकणार नाही. स्वेनसन आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर बिल यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून एक युक्ती पक्की केली. पोटातून आतडे मोकळे करायचे, मोज्याची आतली बाजू बाहेर काढावी तसा गुदाशय गुदद्वारातून उलटा करून बाहेर ओढायचा, त्यातून निरोगी आतडे खाली आणायचे, शरीराबाहेर दोन्हींची शिवण घालायची आणि मग सारे आत सारून द्यायचे. स्नायू जागेवर राहतात, शिवण डोळ्यांसमोर घातली जाते. ही शस्त्रक्रिया त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. त्या लेखाच्या शीर्षकात दोषाचे वर्णन 'आवळलेला भाग' एवढेच आहे. चेतापेशींचा अभाव हे कारण तेव्हा त्यांच्याकडे पुराव्यानिशी नव्हते. उपाय आधी सापडला, कारण मागून पक्के झाले.

ते पक्के व्हायला वेळ लागला नाही. डेट्रॉइटमध्ये झ्युल्झर व विल्सन यांनी १९४८ मध्ये, आणि लंडनमध्ये मार्टिन बोडियन व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये, अरुंद भागात चेतापेशी नसतात हे अनेक रुग्णांवरून दाखवले. कोठून कापायचे याचे उत्तर यातून मिळाले: सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशी दिसतील तिथून. यापूर्वी हे सगळे शक्यही झाले नसते. रक्तसंक्रमण, प्रतिजैविके आणि तान्ह्या मुलांना देता येणारी सुरक्षित भूल ही त्याच दशकाची देणगी होती. स्वेनसन १०३ वर्षे जगले आणि २०१२ मध्ये निधन पावले. आपण वाचवलेली मुले आजोबा-आजी झालेली पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले.

पुढच्या पंधरा वर्षांत युरोपीय शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित केली. फ्रान्सच्या बर्नार द्युआमेल यांनी १९५६ मध्ये गुदाशय जागेवर ठेवून निरोगी आतडे त्याच्या मागून खाली आणले आणि दोन्ही नळ्या शेजारी शेजारी जोडल्या, म्हणजे पुढच्या बाजूच्या चेतातंतूंना हात लावावा लागत नाही. जिनोआचे फ्रांको सोआवे यांनी १९६४ मध्ये गुदाशयाचे फक्त आतले आवरण सोलून काढले आणि उरलेल्या स्नायूंच्या नळीतून निरोगी आतडे ओवले. आज जगभर होणाऱ्या बहुतेक शस्त्रक्रिया या तीन मूळ पद्धतींची रूपे आहेत. अमेरिकेत कीथ जॉर्जसन यांनी १९९५ मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने ती केली. मेक्सिकोच्या दे ला तोरे व ओर्तेगा यांनी १९९८ मध्ये पोट न उघडता, सगळे काम गुदद्वारातूनच करता येते हे दाखवले. एके काळी तीन टप्प्यांत, महिनोन्‌महिने चालणारा उपचार आता अनेक बाळांच्या बाबतीत एकाच शस्त्रक्रियेत उरकतो आणि पोटावर व्रणही राहत नाही.

निदानाची गोष्टही याच काळातली. गुदाशयाच्या भिंतीचा तुकडा काढून तपासणे १९५० च्या दशकात सुरू झाले, पण त्यासाठी भूल द्यावी लागे. मेलबर्नच्या हेलन नॉब्लेट यांनी १९६९ मध्ये एक शोषनळी वापरात आणली. तिच्यामुळे बाळाच्या खाटेपाशीच, भूल न देता, आतल्या आवरणाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेता येऊ लागला. मायर-रूगे यांनी १९७० च्या दशकात रंजनाची अशी पद्धत रूढ केली, की चेतापेशी नसलेल्या भागातले जाड चेतातंतू गडद रंगात उठून दिसतात. 'पेशी दिसल्या नाहीत' या नकारात्मक पुराव्याला त्यामुळे सकारात्मक पुराव्याची जोड मिळाली.

मुळात या पेशी येतच का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर भ्रूणशास्त्राने दिले. गर्भाच्या पाठीकडील मज्जाशिखा नावाच्या पट्ट्यातून निघालेल्या पेशी आतड्यात शिरतात आणि वरून खाली प्रवास करत जातात. मानवी गर्भात हा प्रवास पाचव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान होतो. अमेरिकेत यंटेमा व हॅमंड यांनी १९५४ मध्ये कोंबडीच्या गर्भातला मज्जाशिखेचा मानेकडील भाग काढून टाकला, तेव्हा आतड्यात चेतापेशी आल्याच नाहीत. फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी याहून सुंदर प्रयोग केला. लावा पक्ष्याच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या पेशींहून वेगळे दिसते. त्यांनी लाव्याच्या गर्भातली मज्जाशिखा कोंबडीच्या गर्भात बसवली आणि खूण असलेल्या त्या पेशी कुठवर पोचतात ते १९७३ मध्ये दाखवून दिले. प्रवास अर्ध्यावर थांबला तर शेवटचा भाग रिकामा राहतो. गुदाशयाचा टोकाकडचा भाग या रोगात नेहमीच बाधित का असतो आणि रिकामा भाग वर किती पसरेल हे मुलागणिक का बदलते, याचा उलगडा यातून होतो. सुमारे ८० टक्के मुलांत तो गुदाशय व त्याच्या लगतच्या वळणापुरता असतो. थोड्या मुलांत मात्र अख्खे मोठे आतडे रिकामे असते आणि त्यांच्यावरचे उपचार फार अवघड जातात.

मुलींपेक्षा मुलग्यांत हा रोग सुमारे चौपट आढळतो, एकाच घरात पुन्हा दिसतो आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत त्याचे प्रमाण बरेच जास्त असते. त्यामुळे आनुवंशिक कारणाची शंका जुनीच होती. ल्यॉने व इतरांनी १९९३ मध्ये दहाव्या गुणसूत्राकडे बोट दाखवले आणि १९९४ च्या आरंभी 'रेट' नावाच्या जनुकातला बिघाड दोन स्वतंत्र गटांनी जाहीर केला. हे जनुक प्रवासी पेशींना पुढे जाण्याचा व टिकून राहण्याचा संकेत पकडायला मदत करते. तेच जनुक उलट दिशेने बिघडून अति सक्रिय झाले तर थायरॉइडचा कर्करोग होऊ शकतो. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील मेनोनाइट समाजाच्या वंशावळी तपासून एरिक पफेनबर्गर व कोलकात्यात जन्मलेले अरविंद चक्रवर्ती यांच्या गटाने दुसरे जनुक शोधले. एकच दोष सगळीकडे सापडत नाही. बहुतेक मुलांत अनेक लहान लहान फरकांची बेरीज कारणीभूत ठरते.

या शोधमालिकेत मुंबईचेही नाव आहे. के. एन. शाह आणि मुंबईतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पाच कुटुंबांतल्या बारा बाळांचे वर्णन केले. त्यांच्या कपाळावरच्या केसांची बट पांढरी, डोळ्यांच्या बुबुळांचा रंग फिका आणि आतड्याचा मोठा भाग चेतापेशींविना होता. केसांना व कातडीला रंग देणाऱ्या पेशीही त्याच मज्जाशिखेतून निघतात, म्हणून हे वरवर असंबद्ध वाटणारे दोष एकत्र येतात. जागतिक वैद्यकात हा विकार आज वार्डनबर्ग-शाह सिंड्रोम या नावाने ओळखला जातो. त्यामागची जनुके १९९० च्या दशकात सापडली. बाळांकडे बघून त्यांच्यातला धागा ओळखण्याचे काम त्याआधीच मुंबईत झाले होते.

शस्त्रक्रियेने प्रश्न पूर्ण मिटतो असे मात्र नाही. मळ तुंबलेल्या आतड्याला तीव्र दाह होऊन ताप, फुगलेले पोट आणि दुर्गंधीयुक्त पातळ जुलाब सुरू होतात. हा आंत्रदाह काही तासांत जिवावर बेतू शकतो आणि शस्त्रक्रियेनंतरही उद्भवतो. या रोगातले मृत्यू आजही प्रामुख्याने त्यामुळेच होतात. नळीने मिठाच्या पाण्याने आतडे वारंवार धुणे आणि प्रतिजैविके देणे हा त्यावरचा उपाय. साधे पाणी त्यासाठी वापरत नाहीत, कारण रुंद आतडे ते मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि रक्तातील क्षार धोकादायक पातळीवर उतरतात. काही मुलांना वाढत्या वयात बद्धकोष्ठाचा, काहींना नकळत शी होण्याचा त्रास राहतो आणि शाळेच्या वयात तो मनाला फार लागतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूलपेशींपासून चेतापेशी तयार करून आतड्यात सोडण्याचे प्रयोग उंदरांवर यशस्वी झाले आहेत. मुलांसाठी तो उपचार अजून उपलब्ध नाही.

भारतात आजही अनेक मुले महिन्यांनी, कधी वर्षांनी बालशल्यचिकित्सकापुढे येतात. तोवर घरोघरी साबणाची कांडी, एरंडेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ किंवा घुटी यांवर भागवले जाते. या रोगात गुदद्वाराला असे टोचले, की अडकलेली हवा व मळ एकदम जोराने बाहेर पडतो, पोट बसते आणि उपाय लागू पडला असे वाटते. आजार मात्र तसाच राहतो. ज्या बाळाची पहिली काळी शी ४८ तासांत झाली नाही, ज्याचे पोट फुगले आहे किंवा ज्याला हिरवी उलटी झाली आहे, त्याला घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.